एकाच गोठ्यातल्या दोन गाई : विण्यानंतरचा गर्भाशयाचा संसर्ग आणि आनुवंशिकता



नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आहे आणि दहावीत पुन्हा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. दोन्हीकडे मुलं वाटाण्याचं उंच झाड, बुटकं झाड, ३:१ हे गुणोत्तर पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच मुलांच्या घरी वाटाणा नाही, गोठा आहे. म्हणून आज आपण गाईचं उदाहरण घेऊन आनुवंशिकता समजून घेणार आहोत. हे उदाहरण वाटाण्यापेक्षा अवघड आहे, पण खऱ्या जगातली आनुवंशिकता बहुतेक वेळा अशीच असते.

प्रश्न असा आहे. एका गोठ्यात दोन संकरित गाई. चारा एक, पेंड एक, पाणी एक, काम करणारी बाई एक. दोघी एकाच आठवड्यात व्यायल्या. एकीचं आठ दिवसांत सगळं आवरलं. दुसरीला ताप आला, घाण वासाचा स्राव सुरू झाला, दूध निम्म्यावर आलं. पुढे दोन-तीनदा भरवली तरी उलटली. असं का झालं?

गावात याचं उत्तर ठरलेलं असतं. "लक्ष दिलं नसेल." आणि लक्ष देणारी कोण, तर बहुतेक घरांत शेण काढणारी, धार काढणारी बाईच. म्हणजे बोल तिच्याच माथी. दुसरं उत्तर, "गाईचं नशीब." ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात, म्हणून हा पाठ.

विल्यानंतर गर्भाशयात काय होतं?

वासरू बाहेर येतं तेव्हा गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं असतं. त्या वाटेने बाहेरचे जिवाणू आत जातात. शेणातले, मातीतले, शेपटीवरचे, माणसाच्या हातावरचे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गाईच्या गर्भाशयात जिवाणू सापडतात. गोठा कितीही स्वच्छ असो. म्हणजे जिवाणू शिरणं हा आजार नाही. शिरलेले जिवाणू शरीर किती लवकर आणि किती नीट बाहेर काढतं, फरक तिथे पडतो.

त्याच वेळी गर्भाशयाला दुसरंही मोठं काम असतं. वितेवेळी साधारण ९ किलोचं असलेलं गर्भाशय महिन्याभरात एक किलोच्या आसपास यायचं असतं. वार पडायची असते. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या जखमा भरायच्या असतात, आतलं अस्तर नव्याने तयार व्हायचं असतं. एवढी उघडी जखम, आत रक्त, उबदार जागा, म्हणजे जिवाणूंना जेवणाचं ताटच वाढलेलं.

पहिल्या २१ दिवसांत, त्यातही बहुतेक पहिल्या १० दिवसांत, ताप, लालसर-तपकिरी पातळ स्राव आणि दुर्गंध दिसला तर त्याला गर्भाशयदाह म्हणतात. २१ दिवसांनंतर ताप नाही, गाय खाते-पिते, पण सोटात पू दिसतो, तर तो गर्भाशयाच्या अस्तराचा दाह. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. बाहेरून काहीच दिसत नाही, पण अस्तरातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर दाह चालूच असतो. अशी गाय वेळेवर माजावर आली तरी गाभण राहत नाही.

यात दोन जिवाणू वारंवार सापडतात. एक ई. कोलाय, जो आधी येतो. दुसरा ट्रुपेरेला पायोजेनीस. हा दुसरा 'पायोलायसिन' नावाचं विष सोडतो. ते पेशीच्या पटलाला अक्षरशः भोकं पाडतं. वरचं अस्तर शाबूत असेल तर ते या विषाला बऱ्यापैकी तोंड देतं, पण अस्तराखालच्या पेशी लवकर मरतात. आणि विल्यानंतर अस्तरच फाटलेलं असतं. आता कळलं ना, वार ओढून काढायला पशुवैद्यक का नको म्हणतात? ओढताना त्या नाजूक जागी आणखी जखमा होतात.

पहारेकरी कोण?

गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी म्हणजे नुसती भिंत नाही, त्या पहाराही देतात. त्यांच्यावर काही प्रथिनं असतात, त्यांना 'टोल-लाईक रिसेप्टर' म्हणतात. आपण 'टोल ग्राही' म्हणू. नाव ऐकून टोलनाका आठवला तर हरकत नाही, कामही थोडंफार तसंच आहे. येणाऱ्याला अडवून ओळखायचं.

या नावामागची गोष्ट मुलांना नक्की सांगा. १९८० च्या दशकात जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड फळमाशीच्या गर्भाची वाढ अभ्यासत होत्या. माशीतलं एक जनुक बिघडलं की गर्भ विचित्र वाढायचा. जर्मन भाषेत 'टोल' म्हणजे 'वा, भारीच!'. तेच जनुकाचं नाव पडलं. पुढे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. म्हणजे गर्भाच्या वाढीतलं जनुक रोगप्रतिकाराचंही काम करत होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरातला टोल-४ हा ग्राही ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ ओळखतो हे दाखवलं. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. माशी, उंदीर आणि आपली गाय, तिघांतही या एकाच कुळातले ग्राही आहेत.

गाईच्या गर्भाशयात काय होतं ते आता पाहू. टोल-४ ने ई. कोलाय ओळखला की पेशी इंटरल्यूकिन-८ सारखे संदेश सोडतात. हा संदेश म्हणजे हाळी. ती ऐकून रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडतात, गर्भाशयात येतात आणि जिवाणूंना गिळतात. गिळता गिळता त्याही मरतात. आपण ज्याला पू म्हणतो तो बराचसा याच मेलेल्या पेशींचा असतो.

इथे मुलं हमखास म्हणतात, "मग जितकी प्रतिकारशक्ती जास्त तितकं चांगलं." तसं नाही. हाळी वेळेवर आणि जोरात द्यायची, पण काम झालं की थांबवायची. दाह थांबलाच नाही तर अस्तराचंच नुकसान होतं. आणखी एक, जिवाणूंचा तो लिपोपॉलिसॅकराइड अंडाशयापर्यंत पोहोचला तर तिथल्या पेशीही त्याला प्रतिसाद देतात आणि माजाचं संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, कमी तयार होतं. आजार गर्भाशयात, पण गाय माजच दाखवत नाही, असं का घडतं त्याचं एक कारण हे आहे.

जनुकं कुठे येतात?

टोल ग्राही हे प्रथिन. प्रथिन बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली. कृतीत एक अक्षर बदललं तर पदार्थ बदलू शकतो. बॉयटलर यांनी ज्या उंदरांवर काम केलं त्यांच्या टोल-४ मध्ये ७१२ व्या जागेवर प्रोलीनऐवजी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल होतं. एवढाच फरक. या उंदरांना लिपोपॉलिसॅकराइड टोचलं तर काहीच होत नाही. मजबूत वाटले ना? पण त्यांना खरा जिवंत साल्मोनेला दिला तर ते इतर उंदरांपेक्षा सहज दगावतात. शत्रू ओळखायलाच येत नाही, तर हाळी देणार कोण?

गाईंमध्येही टोल ग्राहींच्या जनुकांत जातीजातींत आणि गाईगाईंत फरक सापडतात. न्यूट्रोफिलवर इंटरल्यूकिन-८ ची हाळी ऐकणारे ग्राही असतात, त्यांच्या जनुकातही फरक असतात. पण गाईत 'गर्भाशयदाहाचं एक जनुक' असं काही नाही. वाटाण्याची उंची एका जनुकाने ठरली, इथे कितीतरी जनुकं आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

एक गट मात्र वेगळा काढून सांगावासा वाटतो, कारण त्याच्यात वासराचाही हात आहे. गाईच्या २३ व्या गुणसूत्रावर रोगप्रतिकाराच्या जनुकांचा एक मोठा गट आहे. त्याचं नाव 'बोला'. (हो, मराठीत वाचतो तसंच. 'बोव्हाइन ल्युकोसाइट अँटिजेन' याचं ते आखूड रूप.) 'हे माझं, हे परकं' ही ओळख ही जनुकं ठरवतात. वासराची निम्मी जनुकं वळूकडून येतात, म्हणजे वार हा गाईच्या शरीरात थोडा परका अवयव असतो. गाभणपणात शरीर तो सहन करतं. विताना मात्र ते परकेपण ओळखणं उपयोगी पडतं, कारण त्या ओळखीतून वार सुटायला मदत होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांना असं दिसलं, की ज्या गाई-वासरांचे या गटातले पहिल्या वर्गाचे नमुने जुळत होते, त्यांच्यात वार अडकण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि वार अडकली की गर्भाशयदाहाचा धोका वाढतो, हे तर कोणताही दूधवाला सांगेल. गाय आणि वळू जवळच्या नात्यातले असतील तर असे नमुने जुळण्याची शक्यता वाढते. वळूचा नंबर न बघता कांडी भरून घ्यायची सवय सोडायला एवढं कारण पुरेसं आहे असं मला वाटतं.

१.४ टक्के म्हणजे किती?

आता थोडं गणित. घाबरू नका, सहावीचं गणित पुरतं.

अमेरिकेत एप्रिल २०१८ पासून 'काउन्सिल ऑन डेअरी कॅटल ब्रीडिंग' ही संस्था होल्स्टीन जातीसाठी सहा आजारांचं आनुवंशिक मूल्यमापन जाहीर करते. दुग्धज्वर, पोट सरकणं, किटोसिस, कासदाह, गर्भाशयदाह आणि वार अडकणं. त्यात गर्भाशयदाहाची आनुवंशिकता निघाली साधारण १.४ टक्के, वार अडकण्याची १ टक्का. दुधाच्या उत्पादनाची साधारण ३० टक्के धरतात.

१.४ टक्के म्हणजे 'एका गाईच्या आजारात १.४ टक्के दोष जनुकांचा', असं अजिबात नाही. गाईगाईंमध्ये जो फरक दिसतो, त्या फरकातला १.४ टक्के भाग आई-बापाकडून आलेल्या जनुकांमुळे. उरलेला भाग इतर सगळ्याचा. अवघड वीण, जुळी वासरं, चारा, गोठा, हवामान, कोणी नोंद केली, आणि निव्वळ योगायोग. उरलेलं सगळं 'काळजी न घेतल्यामुळे' असाही अर्थ कोणी काढू नये. बाईला बोलण्याआधी हे वाक्य परत वाचा.

मग एवढ्याशा वाट्यासाठी वळू निवडायचा खटाटोप कशाला? वर्गात हा खेळ घेऊन बघा. प्रत्येक मूल म्हणजे एक वळू. त्याने १० नाणी उडवायची. जितके छाप तितके त्याचे गुण, हे कायम. मग १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. ही चिठ्ठी म्हणजे एका लेकीचा गोठा. दोन्हींची बेरीज करा. एकाच चिठ्ठीवर सगळ्यात चांगला वळू ओळखता येतो का? नाही. या खेळात नाण्यांचा वाटा साधारण १.२ टक्केच पडतो, म्हणजे जवळपास गर्भाशयदाहाइतका. पण प्रत्येकाने शंभर चिठ्ठ्या उचलून सरासरी काढली, की ७-८ छापवाले वर आणि २-३ छापवाले खाली दिसू लागतात. (शंभर चिठ्ठ्यांना दोन तास लागतात. पावसाळी दिवस निवडा.)

पशुप्रजननात हेच करतात. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर दुधासाठी एखाद्या वळूच्या १२-१३ लेकींच्या नोंदी मिळाल्या की त्याच्याबद्दलचा अंदाज ५० टक्के विश्वासार्ह होतो. गर्भाशयदाहासाठी तेवढ्याच विश्वासाला सुमारे २८५ लेकी लागतात. दहा लेकींवर विश्वास ३-४ टक्क्यांपलीकडे जात नाही. शेजाऱ्याची एक कालवड बघून "या वळूची पैदास नाजूक" म्हणणं किती पोकळ आहे ते यातून दिसतं.

नॉर्वेने हे करून दाखवलं. तिथे १९७५ पासून प्रत्येक गाईच्या उपचाराची नोंद देशपातळीवर ठेवतात. एकेका वळूच्या दोनशेहून जास्त लेकींच्या नोंदी बघून वळू निवडले गेले. सुरुवात कासदाहापासून झाली आणि त्या देशात कासदाह खरोखर कमी झाला. त्याचीही आनुवंशिकता काही टक्केच होती. जनुकांपेक्षा वहीचं काम जास्त मोठं होतं.

कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी वेगळी वाट धरली. आजार झाला की नाही हे न मोजता त्यांनी गाईची प्रतिकारक्षमताच चाचणीने मोजली. ठरावीक प्रतिजन टोचून किती प्रतिपिंडं तयार होतात, पेशी किती प्रतिसाद देतात ते बघायचं. या मापाची आनुवंशिकता साधारण २० ते ३० टक्के, म्हणजे जवळजवळ दुधाइतकी निघते! एवढा फरक का? आजाराची नोंद 'झाला' किंवा 'नाही झाला' एवढीच असते. तीही प्रत्येक गोठ्यात वेगळ्या नजरेने होते आणि तिच्यात योगायोग खूप मिसळलेला असतो. चाचणी सगळीकडे सारखी होते. काय मोजलं आणि कसं मोजलं यावर आनुवंशिकतेचा आकडा बदलतो, हे पाठ्यपुस्तकात यायला हवं होतं.

दूध आणि प्रतिकार यांची ओढाताण

एक लिटर दूध बनवायला गाईला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. २० लिटर देणाऱ्या गाईला रोज १४०० ग्रॅम. आणि विल्यानंतर लगेच तिची भूक कमी असते. न्यूट्रोफिलनाही लढायला इंधन लागतंच. कास आणि प्रतिकार, दोघांची मागणी एकाच कोठारावर. वर कॅल्शियमही दुधात जातं, आणि कॅल्शियम कमी झालं की प्रतिकार पेशींचा प्रतिसाद मंदावतो. आपण पिढ्यानपिढ्या दुधासाठीच वळू निवडले. त्या निवडीबरोबर आजारांकडचा कलही थोडा आत आला, असं अनेक देशांच्या नोंदींत दिसतं.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, "म्हणूनच देशी गाय बरी, तिला काही होत नाही." डांगी, खिल्लार, देवणी या आपल्या गाई काटक आहेत, यात वाद नाही. पण दिवसाला तीन लिटर देणाऱ्या गाईवर वीस लिटरवालीइतका ताण मुळात येतच नाही. तिचं बरं असणं जनुकांमुळे किती आणि कमी दुधामुळे किती, हे वेगळं काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दहावीच्या मुलांना हा प्रयोग कसा मांडाल असं विचारा, छान चर्चा होते.

आपल्याकडे आता काय?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी इथल्या कार्यक्रमात देशी गोवंशासाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' सुरू झाली. ही चिप जनावराच्या कानात बसवत नाहीत, हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकला. जनावराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यातून डीएनए काढून त्यातली हजारो ठिकाणची अक्षरं एकदम वाचायची ती पट्टी आहे. कानात असतो तो बारा अंकी पिवळा बिल्ला.

पण चिप फक्त अक्षरं वाचते. कोणती अक्षरं असलेल्या गाई विल्यानंतर लवकर सावरतात, हे तिला गोठ्यातल्या नोंदींवरूनच कळणार. त्या नोंदी आपल्याकडे फार कमी आहेत. दुधाचा हिशेब डेअरीच्या कार्डावर असतो, वार किती तासांनी पडली हे कुठेच नसतं.

म्हणून या पाठाचा उपक्रम असा. घरी गाय असलेल्या मुलांनी एक वही करायची. बिल्ला क्रमांक, कोणत्या वळूची कांडी (नंबर कांडीवरच छापलेला असतो, भरणाऱ्या डॉक्टरांना विचारा), विण्याची तारीख आणि वेळ, वीण सोपी की ओढून, एक वासरू की जुळं, वार पडल्याची वेळ. पहिले दहा दिवस रोज सकाळी ताप. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा वार १२ तासांत पडली नाही, तर घरच्यांना सांगून पशुवैद्यकांना फोन, हात घालून ओढायचं नाही. २१ व्या दिवशी आणि पहिल्या माजाला सोट कसा होता, स्वच्छ की पांढरट. पुढे कधी गाभण राहिली. कालवड झाली असेल तर तिच्यासाठी त्याच वहीत एक पान कोरं सोडा आणि वर तिच्या आईचा पान क्रमांक लिहा. ती दोन-अडीच वर्षांनी विईल तेव्हा ते पान लागेल.